तोळाभर शिसें

शिकारीच्या काडतुसासारख्या विषयावर एका प्राध्यापकानें लेखणी उचलावी, हें पाहून आमच्या वाचकांपैकीं कांहींना नवल वाटेल आणि कांहींना रागहि येईल. नवल अशासाठीं कीं, ज्यानें उभ्या आयुष्यांत खडूपेक्षां जड शस्त्र हातीं धरलें नाहीं त्यानें हत्ती, गवे आणि वाघ यांच्या गोष्टी सांगूं नयेत. राग अशासाठीं कीं, सन १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें ज्या देशांत वाघाची शिकार बंद झाली आणि सन १९९१ च्या दुरुस्तीनें उरलीसुरली शिकारहि जवळजवळ संपली, त्या देशांत हिंसेच्या साधनांची चर्चा करण्याचें प्रयोजनच काय?

पहिल्या आक्षेपाचें उत्तर सोपें आहे. काडतुसांतून सुटलेली गोळी हा अखेर एक गतिमान पदार्थ आहे, आणि गतिमान पदार्थांचे नियम विद्यार्थ्यांच्या गळीं उतरविण्यांतच आमचीं तीस वर्षें गेलीं. दुसऱ्या आक्षेपाचें उत्तर हा मात्र या सबंध लेखाचाच विषय आहे. शिकारींतलें क्रौर्य कोठें असतें, असें विचारलें तर बहुतेक लोक मेलेल्या जनावराकडे बोट दाखवितील. आमच्या मतें तें न मेलेल्या जनावरापाशीं असतें. जें गोळी खाऊन पळालें, रात्रभर रानांत कण्हत पडलें, आणि ज्याचा पत्ता पुढें घिरट्या घालणाऱ्या गिधाडांनींच दिला, त्या जनावराचें मुंडकें कोणत्याहि शिकाऱ्याच्या दिवाणखान्यांत टांगलेलें नसतें. तें जनावर तसें कां पळालें, या प्रश्नाच्या पोटांत काडतुसाचा प्रश्न येतो. म्हणून ज्यांना हिंसेचा तिटकारा आहे त्यांनींच तो अधिक लक्ष देऊन ऐकावा, अशी आमची विनंति आहे.

आमच्या टेबलावर कागद दाबण्याच्या कामीं एक रिकामें पितळी नळकांडें असतें. आमचे आजोबा वऱ्हाडांत जंगल खात्यांत नोकरीस होते; त्यांच्या सामानांतून तें आमच्याकडे आलें. लांबी तीन इंच, बुडाशीं बाहेर आलेला कांठ, आणि तोंड आवळलेलें. त्याचें नांव ०.४५०/०.४०० नायट्रो एक्सप्रेस, म्हणजे ०.४५० इंची काडतुसाचें तोंड आवळून त्यांत सुमारें ०.४०० इंच व्यासाची गोळी बसविलेली. जिम कॉर्बेटची जेफरी कंपनीची दुनळी रायफल याच जातीचें काडतूस खात असे. काडतुसाचीं अंगें चार: पितळी कवच, बुडांतली टिकली, दारू आणि गोळी. चाप ओढला कीं टिकली पेटते, टिकलीनें दारू पेटते, दारूचा वायु होतो आणि तो वायु गोळीला नळींतून पुढें ढकलतो. नळीच्या आंतल्या अंगास आटे पाडलेले असतात. त्यांच्यामुळें गोळी स्वतःभोंवतीं फिरूं लागते, आणि फिरता भोंवरा जसा आपला तोल सोडीत नाहीं तशी ती आपलें तोंड पुढेंच ठेविते.

या गोळ्यांचें वजन इंग्रज कारागीर ग्रेनमध्यें मोजतात. सुदैवानें आपल्या तोळ्याचे बरोबर १८० ग्रेन होतात, तेव्हां हा हिशेब आपल्या सराफाच्या कांट्यावर आणणें अवघड नाहीं. ०.६०० नायट्रो एक्सप्रेसची गोळी ९०० ग्रेनची, म्हणजे नेमकी पांच तोळ्यांची. ०.४५० ची ४८० ग्रेनची, म्हणजे पावणेतीन तोळ्यांना थोडी कमी. सन १९१२ मध्यें निघालेल्या ०.३७५ हॉलंड अँड हॉलंड मॅग्नमची ३०० ग्रेनची, म्हणजे पावणेदोन तोळ्यांच्या आंतली. आणि ०.२७५ रिग्बीची जड गोळी १७३ ग्रेनची, म्हणजे तोळ्यालाहि सात ग्रेन कमी. मंगळसूत्राच्या वजनाएवढी ही वस्तु टनावारी वजनाच्या प्राण्यावर फेंकावयाची, आणि तीहि कोणती फेंकावी यावर दीडशें वर्षें वाद घालावयाचा, हा सगळा प्रकार प्रथमदर्शनीं हास्यास्पद वाटतो. परंतु वाद पोकळ नाहीं.

आंकड्यांची एवढी गर्दी कां, असें वाचक विचारतील. त्याला थोडेंसें राजकारणहि जबाबदार आहे. रिग्बीनें सन १८९८ मध्यें काढलेलें ०.४५० चें काडतूस हिंदुस्थानांतल्या शिकाऱ्यांच्या हातीं चांगलें रुळलें होतें. परंतु लष्करांतल्या जुन्या मार्टिनी-हेन्री बंदुकांच्या गोळीचें मापहि ०.४५० च होतें, आणि तशा बंदुका बंडखोरांच्या हातीं गेलेल्या होत्या. शिकाऱ्यांचा दारूगोळा त्यांच्या उपयोगीं पडेल या धास्तीनें सरकारनें सन १९०७ मध्यें हिंदुस्थानांत व सुदानांत या मापाच्या दारूगोळ्याची आयात बंद केली. लागलीच इंग्लंडांतल्या कारागिरांकडून ०.४६५, ०.४७०, ०.४७५ अशीं त्याचीं भावंडें बाजारांत आलीं. ज्या सरकारनें सन १८७८ च्या हत्यारांच्या कायद्यानें प्रजेच्या हातची तलवार काढून घेतली, त्याच सरकारच्या भीतीनें हे इंचाचे शतांश ठरले. गव्याच्या कातडीशीं त्यांचा कांहीं संबंध नव्हता. आपल्याकडील उन्हाचा मात्र काडतुसाशीं खरोखर संबंध होता. कॉर्डाइट नांवाची तेव्हांची दारू उष्ण हवेंत अधिक जोरानें पेटे. दाब वाढला कीं पितळी कवच नळींत चिकटून बसे, आणि समोर जखमी जनावर असतां दुसरें काडतूस घालतां येईना. म्हणून उष्ण देशांसाठीं मोठ्या पोटाचीं, कमी दाबाचीं काडतुसें पसंत पडत. हा पहिला धडा लक्षांत ठेवण्यासारखा आहे. त्या पोकळ, ऐसपैस कवचाचा उपयोग पहिल्या गोळीच्या वेळीं नव्हे, तर ती पुरी न पडल्यास दुसरीच्या वेळीं होई.

आतां मुख्य वादाकडे वळूं. गोळीचा जोर मोजावा कसा? सतराव्या शतकांत देकार्तनें गतीचें माप वस्तुमान गुणिलें वेग असें धरलें. सन १६८६ मध्यें लायब्निट्सनें त्याचें खंडन करून वेगाचा वर्ग घ्यावा असें सांगितलें. युरोपांतल्या विद्वानांत पुढें कित्येक वर्षें या प्रश्नावर दोन तट होते. आज आमचे विद्यार्थी एका तासांत शिकतात कीं, दोघांचींहि मापें आपापल्या जागीं खरीं आहेत. एकाला संवेग म्हणावें, दुसऱ्याला ऊर्जा. परंतु शिकाऱ्यांच्या बैठकींत देकार्त आणि लायब्निट्स अजून भांडतच आहेत. 'हलकी पण वेगवान' म्हणणारा पक्ष ऊर्जेचे आंकडे पुढें करतो. 'सावकाश पण जड' म्हणणारा पक्ष संवेगाचे. अमेरिकेंत सन १९४४ च्या सुमारास निघालेल्या ०.३०० वेदरबी मॅग्नमची गोळी बरोबर एक तोळ्याची, आणि तिचा वेग सेकंदाला सुमारें ३,२५० फूट. तिची ऊर्जा सुमारें ४,२०० फूट-पौंड भरते. ०.३७५ मॅग्नमची पावणेदोन तोळ्यांच्या आंतली गोळी सेकंदाला सुमारें २,५३० फूट जाते. तिचीहि ऊर्जा जवळजवळ तेवढीच. लायब्निट्सच्या तराजूंत दोन्हीं समसमान. परंतु मस्तवाल रानगव्यापुढें उभें राहण्याची पाळी आली तर जाणता शिकारी डोळे मिटून दुसरी उचलील. मग फरक कोठें पडला?

देकार्ताच्या पक्षाचें म्हणणें असें कीं, जड गोळी जनावराला 'लोळविते.' हेंहि तपासून पाहूं. ०.४५० ची गोळी सुमारें ३१ ग्रॅमची आणि तिचा वेग सेकंदाला २,१५० फूट, म्हणजे सुमारें ६५५ मीटर. ती पांच टनांच्या हत्तीच्या अंगांत रुतून राहिली तर न्यूटनच्या नियमानें त्या हत्तीला सेकंदाला सुमारें चार मिलिमीटर इतका वेग येईल. मुंगीहि याहून भराभर चालते. शिवाय जेवढा धक्का गोळी पुढें देते, निदान तेवढा बंदूक मागें देते. गोळीनें हत्ती उलथून पडता तर बार काढणारा साहेब त्याच्या आधीं उलथून पडला असता. तेव्हां जनावर धक्क्यानें मरत नाहीं. तें भोंकानें मरतें. मेंदू, कणा, हृदय किंवा फुप्फुस यांपैकीं एका ठिकाणीं पुरेसें खोल आणि पुरेसें रुंद भोंक पडलें पाहिजे. हत्तीच्या कवटीच्या पोळ्यासारख्या हाडांतून किंवा गव्याच्या फऱ्यांतून तेथवर पोंचावयाचें तर गोळी लांब, जड आणि न मोडणारी हवी. वेगवान तोळाभर गोळी आपली सगळी ऊर्जा वरच्यावर उधळून बसते. ऊर्जा खोटी नसते, पण ती भलत्या ठिकाणीं खर्च झालेली असते.

खोली आणि रुंदी या दोन गरजांचें आपसांत जमत नाहीं. सबंध गोळीला कठीण धातूचें आवरण घातलें तर ती खोल जाते, पण सुईसारखें बारीक भोंक पाडते. टोंकाशीं मऊ शिसें उघडें ठेविलें तर ती आंत शिरतांच अळंब्यासारखी फुलते. भोंक रुंद पडतें, पण गोळी लवकर थांबते. या दुसऱ्या जातीच्या गोळीला जगांत जें नांव पडलें तें आपल्याच देशांतल्या एका गांवाचें आहे. कलकत्त्याजवळील डमडमच्या कारखान्यांत सन १८९५ च्या चित्राळच्या मोहिमेनंतर अशी गोळी लष्करासाठीं तयार होऊं लागली. कारण, नव्या लहान गोळ्या शरीराच्या आरपार जातात आणि शत्रु थांबत नाहीं, अशी सैनिकांची तक्रार होती. पुढें सन १८९९ मध्यें हेग येथील परिषदेनें फुलणारी गोळी युद्धांत वापरूं नये असें ठरविलें. इंग्लंडच्या प्रतिनिधीनें विरोध केला. अखेर सन १९०७ मध्यें इंग्लंडनेंहि ती अट मान्य केली.

येथें एक विचार करण्यासारखी गोष्ट आहे. जी गोळी माणसावर झाडणें अमानुष, तीच हरिणावर न झाडणें अमानुष. इंग्लंडांतल्या हरिणांच्या कायद्यांत रायफलीची गोळी फुलणारीच असली पाहिजे अशी सक्ति आहे. वरवर पाहतां हा विरोध वाटतो, पण दोन्हीं नियमांचा हेतु एकच. युद्धांत सैनिक निकामी झाला कीं काम भागतें. तो वांचला तर बरेंच. हरिणाला कोणी इस्पितळांत नेत नाहीं. त्याच्या बाबतींत दया करावयाची तर लवकर मारण्यांतच करावी लागते. माणसासाठीं आणि जनावरासाठीं दयेचें एकच माप चालत नाहीं, हें कायदा करणाऱ्यांना कळलें. पुष्कळ शिकाऱ्यांना मात्र चितळाला कोणती गोळी आणि गव्याला कोणती एवढाहि भेद कळत नसे. वाघाचें अंग मऊ, हाडें त्यामानानें हलकीं. त्याच्यावर कठीण गोळी झाडली तर ती आरपार निघून जाते आणि मागें चवताळलेला वाघ उरतो. गव्यावर मऊ गोळी झाडली तर ती फऱ्याशींच फुलून थांबते. अमेरिकन कारागीर जॉन नोस्लर याला असाच अनुभव आला. सन १९४६ मध्यें ब्रिटिश कोलंबियाच्या रानांत चिखलानें माखलेल्या एका अजस्र मूस जातीच्या सांबरावर त्याच्या वेगवान गोळ्या वरच्यावर फुटून वायां गेल्या. त्यानें पुढें गोळीच्या मधोमध धातूचा पडदा ठेवून पुढचा भाग फुलणारा आणि मागचा न फुलणारा, अशी युक्ति केली. सन १९४८ पासून ती गोळी बाजारांत आहे. खोली आणि रुंदी यांचा संसार इतका वेळ भांडत होता. त्यानें मध्यें भिंत घालून तो एका घरांत नांदता केला.

परंतु काडतुसाच्या निवडीचा सर्वांत मोठा वाद गोळीच्या बांधणीवरून नव्हे, तर आकारावरूनच झाला, आणि त्यांतले दोन पक्षकार ध्यानांत ठेवण्यासारखे आहेत. विसाव्या शतकाच्या आरंभीं पूर्व आफ्रिकेंतील करामोजा प्रांतांत हस्तिदंतासाठीं हिंडणारा वॉल्टर बेल हा स्कॉटिश शिकारी पहिला. त्यानें हजारावर हत्ती मारले, आणि त्यांतले पुष्कळसे ७ मिलिमीटर माऊझर काडतुसानें. हें जर्मन काडतूस बोअर युद्धांत बोअरांच्या हातीं होतें आणि त्यानें इंग्रजांना बेजार केलें. पुढें इंग्रजांनीं त्यालाच ०.२७५ रिग्बी असें बारसें करून घरांत घेतलें. बेलनें हत्तीची कवटी करवतीनें उभी चिरून मेंदू नेमका कोठें बसतो याचा अभ्यास केला होता. तोळ्याहून हलकी, पण लांबट आणि कठीण गोळी तो नेमकी तेथें पोंचवी. त्याचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, गोळी योग्य ठिकाणीं लागली तर काडतूस लहान आहे कीं मोठें याची हत्तीला पर्वा नसते.

दुसरा पक्षकार जॉन टेलर. त्यानें सन १९४८ मध्यें आफ्रिकेंतल्या रायफली व काडतुसें यांवर ग्रंथ प्रसिद्ध केला आणि त्यांत एक नवेंच माप सांगितलें. गोळीचें वजन पौंडांत, वेग सेकंदाला फुटांत आणि व्यास इंचांत घेऊन तिघांचा गुणाकार करावा. या हिशेबानें बेलच्या काडतुसाला सुमारें १६ गुण पडतात, ०.३७५ ला ४० च्या वर, ०.४५० ला ६७ च्या आसपास आणि ०.६०० ला दीडशेंच्या पुढें. या गुणाकाराला पदार्थविज्ञानांत नांव नाहीं. आमच्या एखाद्या विद्यार्थ्यानें तो उत्तरपत्रिकेंत लिहिला तर आम्ही त्याला शून्य देऊं. परंतु टेलर काय मोजीत होता हें समजून घेतल्यावर आमचा हात थोडा थांबतो. हत्तीच्या डोक्यावर झाडलेली गोळी मेंदूला चुकून बाजूनें गेली, तर तो हत्ती किती वेळ भोंवळून पडून राहील, याचा तो अनुभवावरून अंदाज बांधीत होता. म्हणजे बेलनें लागलेल्या गोळीचें माप काढलें आणि टेलरनें चुकलेल्या गोळीचें. दोघे एकमेकांचें खंडन करतात असें वाचकांना वाटतें. वास्तविक ते निरनिराळ्या प्रश्नांचीं उत्तरें देत आहेत. आणि आमच्या मतें काडतूस निवडतांना विचारावयाचा प्रश्न टेलरचा आहे, बेलचा नव्हे.

असें आम्ही कां म्हणतों, त्याचें एक कारण आमच्या आजोबांच्या वहींत आहे. सन १९३४ च्या वैशाखांत मेळघाटांत एक बडे पाहुणे शिकारीस आले. त्यांचें नांव वहींत आहे, पण येथें देण्याचें कारण नाहीं. चितळासाठीं उत्तम अशी हलकी रायफल त्यांच्याजवळ होती. संध्याकाळीं नाल्याच्या कांठीं ऐंशी पावलांवर एक एकांडा गवा दिसला आणि त्यांना मोह आवरला नाहीं. गोळी फऱ्यावर बसली. गवा गुडघ्यावर आला, उठला आणि बांबूच्या बेटांत नाहींसा झाला. दुसऱ्या दिवशीं पाहुण्यांची रजा संपत होती. ते निघून गेले. जखमी गवा तसाच सोडणें म्हणजे लाकूडफाट्यास जाणाऱ्या बायाबापड्यांच्या वाटेवर काळ बसविण्यासारखें होतें. म्हणून आजोबा आणि एक कोरकू पागी सकाळीं त्याच्या मागावर गेले. दोन प्रहरीं त्या गव्यानें बांबूंतून मुसंडी मारली आणि पुढें वांकून माग पाहणाऱ्या पाग्याला मांडींत शिंग घातलें. आजोबांनीं आपल्या दुनळीनें गवा पाडला, परंतु पाग्याला बाजेवर घालून परतवाड्यास नेईपर्यंत वाटेंतच त्याचा प्राण गेला. गव्याच्या फऱ्यांत आदल्या दिवसाची गोळी चपटी होऊन हाडाला चिकटलेली सांपडली. हाडापलीकडे ती गेलीच नव्हती. त्या दिवसाच्या नोंदीखालीं आजोबांनीं एक ओळ लिहिली आहे: "बार पाहुण्यांचा, जीव पाग्याचा." पाहुण्यांचें नांव, हुद्दा आणि मुक्कामाचा खर्च वहींत तपशीलवार आहे, पाग्याचा उल्लेख मात्र सर्वत्र 'पागी' एवढाच.

ही एका घरच्या वहींतली गोष्ट झाली. साऱ्या जगाला ठाऊक असलेली गोष्ट चंपावतच्या वाघिणीची. नेपाळ आणि कुमाऊं मिळून ४३६ माणसें या एका जनावरानें मारलीं अशी गणना आहे. सन १९०७ मध्यें कॉर्बेटनें तिला मारलें, त्या दिवशीं त्याच्याजवळ त्याच्या ०.५०० रायफलीचीं तीनच काडतुसें होतीं. तिन्ही संपल्यावर त्याला धांवत जाऊन तहसीलदाराची जुनी बंदूक आणावी लागली. पण आमच्या दृष्टीनें खरी महत्त्वाची गोष्ट ती मेल्यानंतरची आहे. तिच्या उजव्या बाजूचे वरचा आणि खालचा असे दोन्ही सुळे मोडलेले आढळले. खालचा तर पार मुळाशीं. ती जुन्या एका गोळीची करामत होती, आणि त्यामुळें नेहमींचें भक्ष्य मारणें तिला अशक्य झालें, असा कॉर्बेटचा निष्कर्ष आहे. सन १९३८ मध्यें त्यानें मारलेल्या ठाकच्या वाघिणीच्या अंगावरहि गोळीच्या जुन्या जखमा होत्या. बेफिकिरीनें झाडलेली गोळी आणि जखमी जनावराचा माग न काढणें हें वाघ नरभक्षक होण्याचें एक कारण असतें, असें त्यानें स्पष्ट लिहून ठेविलें आहे. चंपावतच्या वाघिणीवर ती पहिली गोळी कोणी झाडली, हें कोणालाहि ठाऊक नाहीं. तो गृहस्थ घरीं जाऊन सुखानें जेवला असेल, आणि आपली नेमबाजी थोडक्यांत हुकली असें मित्रांना सांगत असेल. त्याचा हिशेब गवत कापावयास गेलेल्या कुमाऊंच्या बायकांनीं चुकता केला.

चंपावतच्या कामगिरीबद्दल संयुक्त प्रांताच्या लेफ्टनंट गव्हर्नरांनीं कॉर्बेटला जी रायफल भेट दिली ती नेमकी ०.२७५ रिग्बी होती. म्हणजे बेलचेंच काडतूस. यावरून कोणी म्हणेल कीं, मग लहान काडतूस वाईट कसें? आमचें म्हणणें तें वाईट आहे असें नाहींच. बेलच्या हातीं तें पुरेसें होतें, कारण बेलचा हात आणि त्याचा अभ्यास त्याच्या पाठीशीं होता. कॉर्बेटला जंगल आपल्या परसाप्रमाणें ठाऊक होतें, आणि जखमी केलेल्या वाघाच्या मागें एकटें जाण्याची त्याची तयारी असे. परंतु असामान्य माणसाच्या यशावरून सामान्यांसाठीं नियम करणें धोक्याचें असतें. कायदे करणाऱ्यांनीं हें ओळखलें आहे. आफ्रिकेंतल्या अनेक देशांत हत्ती, रानरेडा अशा जनावरांसाठीं ०.३७५ किंवा त्याच्या आसपासचें माप ही किमान मर्यादा कायद्यानें ठरविलेली आहे. इंग्लंडांत हरिणासाठीं ०.२४० इंच व्यास आणि १,७०० फूट-पौंड ऊर्जा ही किमान अट आहे. हीं मापें बेलसाठीं केलेलीं नाहींत. ज्याचा श्वास लागला आहे, हात थरथरतो आहे, उजेड कमी आहे आणि ज्याची रजा उद्यां संपणार आहे, त्याच्यासाठीं तीं केलेलीं आहेत.

मग सर्वांनीं पांच तोळ्यांचीच गोळी कां घेऊं नये? याचेंहि उत्तर न्यूटननेंच देऊन ठेविलें आहे. गोळी जड तशी बंदुकीची लाथ जड. ०.६०० ची लाथ सोसण्यासाठीं तिची दुनळीच मुळीं पंधरा-सोळा पौंडांची करावी लागते. अशा लाथेचा धसका घेतलेला मनुष्य चाप ओढण्यापूर्वींच डोळे मिटतो आणि खांदा मागें घेतो. गोळी भलतीकडे जाते, आणि पांच तोळ्यांनीं फाडलेलें पोट तोळाभर गोळीनें फाडलेल्या पोटापेक्षां कांहीं सुखाचें नसतें. तेव्हां ज्या काडतुसाला भिऊन शिकाऱ्याचा हात कांपतो तें त्याच्यासाठीं मोठें, आणि ज्याच्या भरवशावर जनावराच्या हाडापलीकडे पोंचतां येत नाहीं तें लहान. या दोहोंच्या मध्यें जेवढें सर्वांत मोठें माप निर्भयपणें पेलतां येईल, तें योग्य. ०.३७५ ला शंभरांहून अधिक वर्षें लोटलीं तरी तें मागें पडलें नाहीं, त्याचें कारण तें कशांतहि पहिलें नाहीं हेंच असावें. पुष्कळांना तें पेलतें आणि सहसा तें कमी पडत नाहीं.

काडतुसाचा परिणाम शिकार पडल्यावर संपतो असेंहि नाहीं. फुलणाऱ्या शिशाच्या गोळीचे बारीक कण मांसांत आणि आंतड्यांत विखुरतात. शिकाऱ्यानें टाकून दिलेला तो भाग गिधाडें खातात आणि शिशाच्या विषानें मरतात. कॅलिफोर्नियांत काँडोर नांवाचें प्रचंड गिधाड नामशेष होण्याच्या बेतांत आलें, त्याच्या कारणांत हें एक मोठें कारण ठरलें. म्हणून त्या राज्यानें सन २०१९ पासून शिकारीसाठीं शिशाचा दारूगोळा बंद केला. आतां सबंध तांब्याच्या गोळ्या वापरतात. त्या फुलतात, पण फुटत नाहींत. कवच, दारू, वेग आणि व्यास यांचा काथ्याकूट करणाऱ्या पहिल्या पिढीच्या शिकाऱ्यांच्या मनांत हा पक्षी कधींच आला नसेल. पण पाग्याप्रमाणें तोहि त्या व्यवहारांतला एक देणेकरी होता.

आपल्या देशांत आज हा प्रश्न इतिहासजमा झाला असें मात्र कोणीं समजूं नये. शिकार गेली, पण गांवांत शिरणारा बिबट्या आणि माणसावर धरलेला वाघ हे राहिलेच. आणि आतां बहुधा काडतुसाऐवजीं भूल देणाऱ्या औषधाची सुई त्यांच्यावर झाडली जाते. विहिरीच्या कांठावर किंवा उसाच्या फडाशेजारीं उभा राहून पशुवैद्य जनावराच्या वजनाचा अंदाज बांधतो आणि त्यावरून औषधाची मात्रा ठरवितो. मात्रा कमी पडली तर अर्धवट शुद्धींतला बिबट्या बघ्यांच्या गर्दींत घुसतो. जास्त झाली तर तो पुन्हां उठत नाहीं. मागें शेंकडों लोक मोबाइल उंचावून घाई करीत असतात, कोणी पुढारी दूरध्वनीवरून विचारणा करीत असतो, आणि जनावर तर धड दिसतहि नसतें. अशा वेळीं सुई लागली तर काय होईल हें सर्वांनाच ठाऊक असतें. ती अर्धीच लागली तर काय करावयाचें, जाळें कोठें ठेवावयाचें, लोकांना किती मागें सारावयाचें, आणि दुसरी मात्रा कोणाच्या हातीं तयार ठेवावयाची, याचा विचार ज्यानें आधीं केला आहे त्याच्या हातीं ती बंदूक असावी, एवढीच आमची इच्छा आहे. वर्तमानपत्रांत अशी बातमी आली कीं बिबट्या वांचला कीं मेला एवढेंच आपण वाचतों. यापुढें बघ्यांपैकीं कोणी जखमी झाला काय आणि त्याचें नांव दिलें आहे काय, हेंहि वाचकांनीं जरूर पाहावें.